फ्रँकलचें स्मरण कसें करावें ?

आमच्या महाराष्ट्रांत थोर पुरुषांच्या स्मृतिदिनांचा तोटा नाहीं. तसबिरीला हार घालावा, चार वक्त्यांनीं चार शब्द बोलावे, अध्यक्षांनीं त्यांचा समारोप करावा आणि आभारप्रदर्शन होतांच मंडळींनीं चहाकडे वळावें, हा क्रम इतका ठरून गेला आहे कीं, तसबीर बदलली तरी भाषणें बदलण्याचें कारण पडत नाहीं. पण स्मरणीय पुरुष लेखक असला, तर एवढ्यानें भागतें काय ? लेखकानें आपल्यामागें तसबिरीहून अधिक असें कांहीं ठेवलेलें असतें. तें उघडून न पाहतांच त्याचें स्मरण झालें असें म्हणणें, म्हणजे पत्र न फोडतां तें पोंचल्याची पावती पाठविण्यासारखें आहे.

हा विचार आमच्या मनांत येण्यास एक लहानसें निमित्त घडलें. सुरत-भुसावळ लोहमार्गावरील आमच्या नंदुरबार गांवीं दहाबारा वाचनप्रिय मंडळी महिन्यांतून एकदां एकत्र बसतात. २ सप्टेंबर हा डॉ. व्हिक्टर फ्रँकल ह्यांचा मृत्युदिन. १९९७ सालीं ह्या दिवशीं ते व्हिएन्ना येथें वारले. त्यांचें स्मरण करावें, प्रथम आदरांजलीचीं भाषणें व्हावींत आणि मग विजया बापट ह्यांनीं मराठींत आणलेल्या 'अर्थाच्या शोधात' ह्या त्यांच्या पुस्तकांतील कांहीं भाग मोठ्यानें वाचावे, असें मंडळींनीं ठरविलें. भाषणें झालीं, वाचनहि झालें. आणि ह्या दोहोंमध्यें जें अंतर आम्हांस दिसून आलें, तेंच ह्या लेखाचा विषय होय.

यहुदी-संहारांतून वांचलेल्या एका परदेशस्थ वैद्याची आठवण खानदेशांत कशाला, असें कोणी विचारील. आमचें उत्तर एका महिन्याच्या नांवांत आहे. १९४२ च्या सप्टेंबरची ९ तारीख नंदुरबारला विसरतां येत नाहीं. त्या दिवशीं 'चले जाव' चळवळीच्या मिरवणुकीवर पोलिसांनीं गोळ्या झाडल्या, आणि पंधरा वर्षांचा शिरीषकुमार मेहता व त्याचे चार सोबती लालदास, धनसुखलाल, शशिधर आणि घनश्याम हे हुतात्मे झाले. त्याच महिन्यांत व्हिएन्ना येथें फ्रँकल, त्यांची पत्नी टिली आणि त्यांचे वृद्ध आईबाप ह्यांना घर सोडावयास लावून बोहेमियांतील थेरेसियनश्टाटच्या बंदिवासांत नेण्यांत आलें. ह्या दोन घटनांचा परस्पर कांहीं संबंध नाहीं आणि तो ओढूनताणून लावण्याची आमची इच्छाहि नाहीं. एवढेंच कीं, त्या महिन्याचें स्मरण ज्या गांवाला दर वर्षीं होतें, त्या गांवाला त्याच महिन्यांत घरांतून उखडल्या गेलेल्या ह्या माणसाची हकीकत अगदींच परकी वाटूं नये.

प्रथम चरित्राचा थोडा परिचय. फ्रँकल ह्यांचा जन्म १९०५ सालीं व्हिएन्नांत झाला. मनोविकारांच्या चिकित्सेंत त्यांचें नांव होऊं लागलें होतें. १९४१ सालीं अमेरिकेंत जाण्याचा परवाना त्यांच्या हातीं आला, तेव्हां वृद्ध आईबापांना मागें टाकून जावें कीं राहावें, असा पेंच त्यांना पडला. अशांत नाझींनीं जाळलेल्या एका प्रार्थनामंदिराच्या ढिगाऱ्यांतून वडिलांनीं उचलून आणलेला संगमरवराचा एक तुकडा त्यांना घरीं दिसला. आईबापांना मान देण्याविषयींची जी आज्ञा यहुदी धर्मांत आहे, तिचें एक अक्षर त्या तुकड्यावर कोरलेलें होतें. फ्रँकल ह्यांनीं परवान्याची मुदत टळूं दिली. पुढें वडील थेरेसियनश्टाटमध्यें वारले. १९४४ च्या ऑक्टोबरांत फ्रँकल व त्यांची पत्नी ह्यांना ऑश्विट्झला पाठविण्यांत आलें. आईलाहि त्यांच्या मागोमाग तेथें नेऊन विषारी वायूनें मारण्यांत आलें. भाऊ गेला. पत्नी बर्गेन-बेल्सेनच्या छावणींत चोविसाव्या वर्षीं मरण पावली. आधींच ऑस्ट्रेलियास गेलेली एक बहीण तेवढी वांचली. स्वतः फ्रँकल ऑश्विट्झहून डाखाऊच्या पोटछावण्यांत गेले आणि २७ एप्रिल १९४५ रोजीं ट्युर्कहाइम येथें अमेरिकन सैन्यानें त्यांची सुटका केली.

व्हिएन्नास परतल्यावर त्यांनीं नऊ दिवसांत हें पुस्तक सांगून लिहवून घेतलें. १९४६ सालीं तें जर्मन भाषेंत प्रसिद्ध झालें, १९५९ सालीं इंग्रजींत आलें, आणि लेखकाच्या निधनापर्यंत त्याच्या एक कोटीहून अधिक प्रती खपल्या होत्या. नऊ दिवसांचें ऐकून आमच्याकडील वाचकाला नाशिकच्या तुरुंगाची आठवण व्हावी. साने गुरुजींनीं १९३३ च्या फेब्रुवारींत त्या तुरुंगांत 'श्यामची आई' पांच दिवसांत लिहून काढली. असलीं पुस्तकें इतक्या थोड्या दिवसांत लिहिलीं जातात, ह्याचें कारण तीं मनांत फार दिवस लिहिलीं जात असतात. फ्रँकल ह्यांच्या बाबतींत तर ह्याला प्रत्यक्ष पुरावा आहे. आपल्या चिकित्सापद्धतीवरील एका ग्रंथाचें हस्तलिखित त्यांनीं अंगरख्यांत लपवून ऑश्विट्झपर्यंत नेलें होतें. तेथें अंगरखा गेला, हस्तलिखितहि गेलें. पुढें ट्युर्कहाइमच्या छावणींत ज्वरानें फणफणत असतां, मिळतील त्या चिठोऱ्यांवर त्यांनीं त्याचीं टिपणें पुन्हां लिहावयास आरंभ केला.

आतां आमच्या सभेंतील भाषणांकडे वळूं. चारहि वक्ते सद्भावनेनें बोलले, आणि चौघांचें तात्पर्य एकच निघालें : परिस्थिति कशीहि असो, माणसाची वृत्ति खंबीर असली कीं तो तींतून तरून जातो, फ्रँकल तरून गेले, तसे आपणहि जाऊं. दुसऱ्यास दोष देण्याचा आम्हांस अधिकार नाहीं, कारण त्या चौघांत आम्हीहि होतों, आणि पुस्तकांतील एक सुटें वाक्य तरुण श्रोत्यांच्या उपयोगी पडेल म्हणून आम्हींच मोठ्या आवेशानें म्हणून दाखविलें. तें वाक्य कोठल्या पानावर येतें, त्याच्या आधीं काय आहे, नंतर काय आहे, हें त्या वेळीं कोणीं विचारलें असतें तर आम्हांस सांगतां आलें नसतें.

हा दोष एकट्या वक्त्यांचा नव्हे. पुस्तकविक्रेत्यांच्या दुकानांत हें पुस्तक बहुधा व्यक्तिमत्त्वविकासाच्या, यशाचीं गुपितें सांगणाऱ्या पुस्तकांच्या रांगेंत उभें असतें. त्याच दुकानांत हिटलरच्या आत्मचरित्राचे मराठी अनुवादहि विक्रीस असतात, आणि तेहि जिद्द व नेतृत्व ह्यांचे धडे म्हणून घेतले जातात. मारणारा आणि मारांतून वांचलेला हे दोघेहि एकाच फळीवर 'प्रेरणा' ह्या एकाच नांवाखालीं विकले जावे, हें पाहून वाचकाच्या मनांत कांहींच खळबळ होऊं नये काय ? ज्याला फ्रँकलमध्यें केवळ जिद्द दिसते, त्याला ती जिद्द दुसऱ्या पुस्तकांतहि सांपडेल. आणि मग दोहोंतील फरक कशांत आहे, हें त्याला सांगतां येणार नाहीं.

भाषणें संपलीं आणि वाचनास आरंभ झाला. आरंभींचाच भाग वाचला गेला. कैद्यांतूनच नेमलेले मुकादम, ज्यांना छावणींत कापो म्हणत, ते पहारेकऱ्यांहूनहि निष्ठुर कसे होत. एका नांवावरून कैद्याला यादींतून वांचविलें तर त्याच्या जागीं दुसरें नांव भरावेंच कसें लागे. आणि ह्या झगड्यांत जे टिकले ते बहुधा सगळा विधिनिषेध गमावून टिकले, हें फ्रँकल तेथें सांगतात. शेवटीं ते कबूल करितात कीं, आमच्यांतील जे सर्वोत्तम होते ते परत आलेच नाहींत. सभेंत एकाएकीं शांतता पसरली. वृत्ति खंबीर असलेला तरून जातो, असें आम्हीं अर्ध्या घटकेपूर्वीं सांगितलें होतें. आणि ज्याच्या नांवानें सांगितलें, तो पहिल्या कांहीं पानांतच आमचें म्हणणें खोडून काढीत होता. तरून जाण्यांत दैवाचा, योगायोगाचा, कित्येकदां दुसऱ्याच्या मरणाचा वाटा होता हें तो लपवीत नाहीं. छावणीच्या दारांत एका अधिकाऱ्याचें बोट डावीकडे वळलें कीं उजवीकडे, एवढ्यावर हजारोंचें आयुष्य ठरत होतें. त्या बोटाला कोणाच्या वृत्तीची ओळख नव्हती.

दुसरा भाग अधिकच अवघड होता. संवेदना बोथट होत जाणें ही छावणीच्या जीवनांतील दुसरी अवस्था, असें फ्रँकल म्हणतात आणि आपलेंच उदाहरण देतात. कढत रस्सा पीत असतां खिडकीबाहेर नुकतेंच ओढून टाकलेलें एक प्रेत त्यांना दिसतें. दोन तासांपूर्वीं त्याच माणसाशीं ते बोललेले असतात. ते क्षणभर पाहतात आणि रस्सा पिऊं लागतात. आपल्याला कांहींच वाटलें नाहीं ह्या गोष्टीचें वैद्य ह्या नात्यानें नवल वाटलें, म्हणूनच ती आठवणींत राहिली, असें ते नमूद करितात. येथें करुणरस आणणें किती सोपें होतें ! तो त्यांनीं आणला नाहीं. रोग्याचें टिपण लिहावें तसें त्यांनीं स्वतःविषयीं लिहिलें आहे, आणि हाच त्यांच्या गद्याचा मोठा गुण आहे. ज्या लेखकाला वाचकाच्या डोळ्यांत पाणी आणावयाचें नसतें, त्याच्या शब्दांवर वाचक विश्वास ठेवितो.

असा विश्वास बसल्यावरच त्या पहांटेच्या चालीचा प्रसंग मनाला भिडतो. बर्फाळ वाटेनें, बंदुकीच्या दस्त्यांचे तडाखे खात, कैद्यांची रांग कामावर चालली आहे. शेजारचा कैदी पुटपुटतो कीं, आपल्या बायकांनीं आपल्याला असें पाहूं नये म्हणजे झालें. तेवढ्यावरून फ्रँकल ह्यांच्या डोळ्यांपुढें पत्नीची मूर्ति उभी राहते. ते मनांतल्या मनांत तिच्याशीं बोलतात, तिचीं उत्तरें ऐकतात. ती जिवंत आहे कीं नाहीं हें त्यांना ठाऊक नाहीं, आणि त्या क्षणीं तें ठाऊक असण्याची गरजहि उरत नाहीं. सुभाषितांच्या वहींत ह्या प्रसंगाचें 'प्रेमाचा विजय' असें नांव पडेल. पुस्तकांत मात्र अंगठे सुजलेले आहेत, फाटक्या पादत्राणांत बर्फ शिरलें आहे, आणि पुढच्याच क्षणीं पहारेकऱ्याची शिवी आहे. ह्या सर्वांच्या मध्यें तें प्रेम आहे. म्हणूनच तें खरें वाटतें.

सुटकेनंतरचीं पानें तर आदरांजलीच्या भाषणांत कधींच येत नाहींत. सुटलेल्या कैद्यांना आनंद कसा करावा हेंच आठवेना. फ्रँकल एका मित्राबरोबर शेतांतून चालले असतां मित्र कोवळ्या पिकांतूनच त्यांना ओढूं लागला. पीक तुडवूं नये असें म्हणतांच तो उसळला : माझी बायको, माझें मूल गेलें, आणि तुम्ही मला चार ताटें तुडवूं देत नाहीं ? फ्रँकल ह्यांचा निवाडा असा कीं, आपल्यावर अन्याय झाला म्हणून दुसऱ्यावर तो करण्याचा हक्क कोणालाहि मिळत नाहीं. हें वाक्य घरीं बसून लिहिणें निराळें, आणि आईबाप, भाऊ, पत्नी गमावल्यावर लिहिणें निराळें. छावणीच्या ज्या अधिकाऱ्यानें स्वतःच्या पैशानें कैद्यांसाठीं औषधें आणविलीं, त्याचाहि उल्लेख करण्यास ते विसरत नाहींत. सभ्य आणि असभ्य ह्या माणसांच्या दोनच जाति होत व त्या प्रत्येक समाजांत आढळतात, हें त्यांचें मत अशा अनुभवांतून आलेलें आहे. हिटलरच्या पुस्तकापासून ह्या पुस्तकाला वेगळी फळी कां पाहिजे, ह्याचें उत्तर येथें मिळतें.

वाचन संपलें तेव्हां अक्कलकुवा तालुक्यांत शिक्षक असलेल्या एका तरुणानें प्रश्न केला, आणि खरें सांगावयाचें तर त्या संध्याकाळीं सर्वांत महत्त्वाचें जें कांहीं झालें तें हेंच. तो म्हणाला, "दुःखांतहि अर्थ सांपडतो, असें तुम्ही सांगितलेंत. माझ्या वर्गांतल्या मुलांचे आईबाप ऊसतोडीला गुजरातेंत जातात आणि मुलांनाहि घेऊन जातात. वर्गाचीं बाकें रिकामीं पडतात. नर्मदेच्या कांठचीं आमच्या नातलगांचीं गांवें धरणाच्या पाण्याखालीं गेलीं. त्यांनाहि मीं हेंच सांगूं काय, कीं दुःखांत अर्थ शोधा ?"

प्रश्न मर्मावर बोट ठेवणारा होता. सरदार सरोवराच्या पाण्यामुळें महाराष्ट्रांतील जीं ३३ गांवें बाधित झालीं, तीं अक्कलकुवा आणि अक्राणी ह्याच दोन तालुक्यांतील होत. व्हिएन्नाच्या वैद्याचें आणि सातपुड्यांतील कुटुंबांचें दुःख एका तागडींत तोलणें आम्हांस मान्य नाहीं. जेथें एका संपूर्ण समाजाला नष्ट करण्याचा कारखाना चालविला गेला, त्याची बरोबरी दुसऱ्या कशाशीं करूं नये. परंतु शिक्षकाचा रोख दुःखांच्या तुलनेवर नव्हताच. आदरांजलीच्या भाषणांचा उपयोग कोणाला होतो, असें तो विचारीत होता. पोट भरलेल्या माणसानें उपाशी माणसाला फ्रँकल ऐकवावा, ह्याच्या इतका त्या लेखकाचा दुसरा उपमर्द नाहीं.

आम्हीं पुस्तक पुन्हां उघडलें. उत्तरार्धांत, जेथें लेखक आपली लोगोथेरपी नांवाची चिकित्सापद्धति समजावून देतो, तेथें ह्याचें उत्तर स्वच्छ शब्दांत आहे. अर्थ सांपडण्यासाठीं दुःख आवश्यक आहे, असें आपण मुळींच म्हणत नाहीं, असें फ्रँकल बजावतात. दुःख टाळतां येण्यासारखें असेल, तर त्याचें कारण दूर करणें हीच अर्थपूर्ण गोष्ट होय, मग तें कारण मनाचें असो, शरीराचें असो वा राजकीय असो. निष्कारण सोसणें ह्यांत शौर्य नाहीं. जें टळणारच नाहीं त्याच्यापुरतीच वृत्तीची गोष्ट उरते. ही मर्यादा भाषणांतून गळून पडते आणि मग राहतें काय ? सोसणाऱ्याला सोसत राहण्याचा उपदेश. 'राजकीय' हा एक शब्द ऐकतांच त्या शिक्षकाच्या चेहऱ्यावर जें समाधान दिसलें, तें चार भाषणांनीं दिलें नव्हतें.

येवढें म्हटल्यावर पुस्तकाच्या उणिवांकडेहि पाहणें आमचें कर्तव्य आहे, कारण स्तुतीपुरतें वाचणें हीहि एक आदरांजलीच झाली. ऑश्विट्झमध्यें फ्रँकल थोडेच दिवस होते. त्यांच्या कैदेचा मोठा काळ थेरेसियनश्टाट आणि डाखाऊच्या पोटछावण्या ह्यांत गेला. पुस्तकांत स्थळकाळाचा निर्देश तुटक असल्यामुळें सारी कथा ऑश्विट्झचीच आहे, असा समज सामान्य वाचकाचा होतो. दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. लॉरेन्स लँगर ह्या अमेरिकन टीकाकारानें १९८२ सालच्या आपल्या ग्रंथांत म्हटलें कीं, सोसण्याला अर्थ देणारी ही भाषा जुन्या जगांतील आहे, आणि जेथें माणसाला निवडीला जागाच ठेविली नव्हती तेथें ती लावल्यानें वाचकाला दिलासा मिळतो, पण छावणीचें सत्य झांकलें जातें. आम्हांस ह्या आक्षेपांत तथ्य वाटतें, परंतु तें विशेषतः उत्तरार्धापुरतें. पूर्वार्धांत लेखक पाहतो, उत्तरार्धांत शिकवितो; आणि पूर्वार्धांतहि जेथें तो शिकवावयास घाईनें वळतो तेथें सांधा दिसून येतो. चिकित्सकाला शेवटीं उपाय सांगावाच लागतो. साक्षीदारावर तसें बंधन नसतें. फ्रँकल दोन्ही होते, आणि हे दोघे पुस्तकभर एकमेकांशीं भांडत आहेत.

ह्या ठिकाणीं इटालियन लेखक प्रीमो लेव्ही ह्यांची आठवण होते. तेहि ऑश्विट्झमधून परतले. मृत्यूच्या आदल्या वर्षीं, १९८६ सालीं, प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथांत ते म्हणतात कीं, आम्ही वांचलेले लोक खरे साक्षीदार नव्हेत. जे बुडाले तेच खरे साक्षीदार, आणि ते बोलावयास उरले नाहींत. लेव्ही कोणताच उपाय सांगत नाहींत, म्हणून त्यांच्या वाक्यांचे फलक कोणी भिंतीवर लावीत नाहीं. पण सर्वोत्तम ते परतले नाहींत, ही फ्रँकल ह्यांची कबुली आणि लेव्ही ह्यांचें हें म्हणणें ह्यांत अंतर किती आहे ? अगदीं थोडें. दोघांना एकमेकांशेजारीं ठेवून वाचलें, तर फ्रँकलच्या गळ्यांत आम्हीं घातलेले पुष्कळ हार आपोआप गळून पडतील, आणि त्यांत त्यांचें नुकसान कांहींच होणार नाहीं.

लेखकाला आवडत्या मूर्तींत कोंडून ठेवण्याचा हा दोष आम्हीं परक्यांच्याच बाबतींत केला आहे, असेंहि नाहीं. साने गुरुजी म्हणतांच आमच्या डोळ्यांपुढें अश्रु उभे राहतात. त्यांच्या नांवानें डोळे पुसणारे आम्ही, पंढरपूरचें मंदिर अस्पृश्यांना खुलें व्हावें म्हणून १९४७ सालीं प्राण पणाला लावणारे, अमळनेरच्या कामगारांत आणि खानदेशच्या शेतकऱ्यांत वावरणारे गुरुजी सोयीनें विसरतों. एकाला अश्रु वांटून दिले, दुसऱ्याला जिद्द. आणि दोघांच्याहि पुस्तकांतील जें आपल्याला टोंचतें तें मिटून ठेवलें.

मग फ्रँकलचें स्मरण कसें करावें ? आमचें म्हणणें साधें आहे. हार घालूं नये असें नाहीं; पण हारानंतर पुस्तक उघडावें, सुटें वाक्य न घेतां सबंध प्रकरण वाचावें, वाचणाऱ्यानें मध्यें उपदेश करूं नये, आणि शेवटीं ऐकणाऱ्याला प्रश्न करण्यास मोकळीक ठेवावी. आमच्या सभेंत भाषणांनंतर कोणीं प्रश्न विचारला नाहीं, वाचनानंतर विचारला. जिवंत लेखक कोणता आणि तसबिरींतला कोणता, हें ओळखण्यास एवढी खूण पुरे आहे. पुढील वर्षीं ह्या दिवशीं भाषणांना फांटा द्यावा, असें मंडळींनीं त्याच रात्रीं ठरविलें.

ह्या पुस्तकाच्या जन्माची एक हकीकत सांगून आम्ही लेखणी खालीं ठेवितों. फ्रँकल ह्यांना तें निनावी प्रसिद्ध करावयाचें होतें. लेखकाच्या जागीं ११९१०४ हा आपला छावणींतील क्रमांक तेवढा असावा, असा त्यांचा मानस होता. मित्रांनीं गळ घातली तेव्हां शेवटच्या घटकेस त्यांनीं आंतील पानावर नांव घालूं दिलें. पहिल्या आवृत्तीच्या वेष्टनावर तें नव्हतेंच. स्वतःचें नांव पुसून मजकूर वाचला जावा असें ज्यानें इच्छिलें, त्याचें नांव आम्हीं मोठ्या अक्षरांत लिहिलें आणि मजकूर मिटून ठेवला. ह्या व्यवहाराची फेड फुलांनीं होण्यासारखी नाहीं; पुस्तक काढून पहिल्या पानापासून वाचावयास बसावें, हाच एक मार्ग आम्हांस दिसतो.